वरल्या माळावर वस्ती आहे

४ जानेवारी १९९८, वाशिंद

आज भगीरथ पेढे घेऊन आला होता. किन्हवलीच्या शाळेत तो माझा विद्यार्थी होता. आता जमिनींचे व्यवहार करतो आणि लोक त्याच्या नावापुढे 'शेठ' लावतात. मी लावत नाही.

दोन्ही तालुक्यांचा एक परिचयग्रंथ निघणार आहे. त्यासाठी एक मंडळ स्थापन झाले असून भगीरथ त्याचा आश्रयदाता आहे. मंडळाच्या पत्रात शुद्धलेखनाच्या पाच चुका आहेत. मी त्या तांबड्या शाईने दुरुस्त करून पत्र त्याच्या हाती परत दिले. तो हसला.

"म्हनून तर तुमच्याकडे आलो, गुरुजी. असं लिवनारा दोन तालुक्यांत नाय."

"लिहिणारा."

"तेच की."

माझ्याकडे दोन स्थळे आली आहेत: शहापूर तालुक्यातील वाशिंद आणि मुरबाड तालुक्यातील पेंढरवाडीच्या डोक्यावरचा वरला माळ. स्थान, सीमा, भूरचना, पर्जन्य, इतिहास आणि वस्ती या क्रमाने लिहावयाचे. दोन स्थळांत इतके अंतर का ठेवले, आणि ज्याचे नाव कोणी ऐकले नाही असा माळ मुद्दाम माझ्याच वाट्याला का आला, हे त्याने सांगितले नाही. काम कठीण म्हणून माझी निवड झाली, हे उघड आहे. मी स्वीकारले.

संजीवनीने, म्हणजे सूनबाईने, चहा दिला. साखर अधिक होती. माझ्या कैलासवासी पत्नीचा, वत्सलेचा, वातीचा स्टोव्ह तिने ओट्यावरून काढून माळ्यावर टाकला आहे. घरात गॅस असताना तो अडगळच, असे तिचे म्हणणे. माझे त्याबद्दल काही म्हणणे नाही. केवळ नोंद केली.

११ जानेवारी

वाशिंदचा परिचय पूर्ण झाला. प्रारंभ असा केला आहे: 'वाशिंद हे मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील स्थानक असून भातसा नदी गावाजवळून वाहते. इ. स. १८५५ मध्ये कल्याणहून निघालेला लोहमार्ग येथवर आला आणि पुढे चार वर्षांहून अधिक काळ येथेच थांबला. त्या काळात नाशिककडे जाणारा माल येथे उतरून बैलगाड्यांवर चढत असे. म्हणजे एके काळी वाशिंद हे जगाचे टोक होते. आज ते मुंबईचे आहे.'

शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ खूश होतो. पुढे भातशेती, वीटभट्ट्या, कारखाने आणि नव्या वसाहती यांचे वर्णन आहे. 'येथील लोकसंख्येचा मोठा भाग बाहेरून आलेला आहे,' असे नमूद करून समारोप केला.

संजीवनी वाल सोलत बसली होती, म्हणून तिला वाचून दाखविले.

"चांगलं हाये, आबा. पन यात मानसं कुठं हायेत?"

"लोकसंख्या दिली आहे."

"ती आयकली." तिने दोन-तीन शेंगा सोलल्या. "बाहेरून आलेला म्हंजे मी पन ना?"

मी म्हटले, विवाहाने आलेल्या स्त्रिया त्यात धरीत नाहीत. तिचे माहेर धरणात गेले. ती गोष्ट सर्वांना ठाऊकच आहे आणि परिचयात तिचे प्रयोजन नाही. ती सालपटे भरून आत गेली. या घरात लेखनाविषयी बोलण्यासारखे कोणी उरलेले नाही.

२५ जानेवारी, पेंढरवाडी

आज जे घडले ते क्रमाने लिहितो, कारण मला स्वतःलाच ते अजून नीट लागलेले नाही.

मी त्र्याहत्तराव्या वर्षी एकट्याने डोंगर चढू नये असे मुलाचे, धनेशचे, मत पडले. मी ते ऐकून घेतले आणि पहाटे निघालो. संजीवनीने न विचारताच पिशवीत भाकरी, चहाची पूड, गूळ आणि लहान पातेले घातले होते. मुरबाडहून भगीरथाच्या जीपने पायथ्यापर्यंत सोडले. वाडी टाळून डोंगराच्या मागच्या सोंडेने चढावे, 'उगाच त्या लोकांच्या बडबडीत टाइम जाईल,' असे त्याच्या माणसाने सुचविले. सूचना मला योग्य वाटली.

माळ प्रशस्त आहे. पूर्वेस सह्याद्रीचा कडा भिंतीसारखा उभा. पश्चिमेस उतार, आणि उताराखाली साग, ऐन व मोह. जमीन तांबूस, पातळ. घर नाही, शेत नाही, विहीर नाही. जागोजागी मात्र गवतात तीन-तीन दगड मांडलेले आढळले. मी अनुमान केले की ती गुराख्यांची विश्रांतिस्थाने असावीत. 'माळ निर्जन आहे. तुरळक विखुरलेले दगड हीच काय ती मानवी खूण' असे वाक्य जागेवरच लिहिले आणि मोठ्याने वाचून पाहिले. ते मला आवडले. मग अशाच तीन दगडांत काटक्या घालून चहा ठेवला.

पाण्याला आधण येते न येते तोच मागून आरोळी आली.

"ये म्हाताऱ्या! ऊठ तिथून! कोनाच्या चुलीवर बसलायस?"

डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक वृद्धा. तिने मोळी टाकली, धावत आली आणि पेटलेल्या काटक्या पाहून थबकली. मला वाटले, ही आता विस्तव पायाने विझविणार. तिने तसे केले नाही.

"पेटवलीस?"

"चहा करीत होतो, बाई. ही चूल आहे हे मला ठाऊक नव्हते."

"मंग काय देऊळ वाटलं व्हय तुला?" असे म्हणून ती मटकन खाली बसली, आणि हसू लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आले. "कोंडूची चूल हाये ही. कोंडू मेला त्याला किती पावसाळे झाले. त्याच्या घरचं कोन नाय उरलं. आन ह्यो मास्तर येतो नि च्या करतो!"

मी मास्तर आहे हे तिने कसे ओळखले, असे विचारले. "बसलायस बघ कसा, पाटावर बसल्यागत," ती म्हणाली.

तिचे नाव भिमी. तिने मला जी रीत सांगितली ती अशी. पेंढरवाडी पूर्वी या माळावर होती. रोगराई आली, एकामागून एक माणसे गेली, म्हणून वाडी खाली हलविली. घर हलविताना मेढी, वासे, कवाड, जाते, सारे न्यावे. चुलीचे तीन धोंडे मात्र जागचे हलवू नयेत. ते त्या घरच्या मेलेल्यांचे. दर आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरच्या माणसाने वर यावे, आपली चूल पेटवावी, भात शिजवून पान ठेवावे. ज्या घरचे कोणी उरले नाही त्यांची चूल थंड राहते. दुसऱ्याने ती पेटवायची नाही.

"आणि पेटविली तर?"

"तर त्यो त्या घरचा झाला. सुटका नाय." तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "कोंडूला पोर हवा व्हता. झाला एकदाचा. पर केवढा थोरला झाला रे बाबा!"

चहा आम्ही दोघे प्यालो. थंडी फारशी नव्हती, तरी ती बराच वेळ त्या विस्तवावर हात धरून बसली होती.

२६ जानेवारी

काल भिमीचा मुलगा लखमा मला घरी घेऊन गेला आणि कुडाच्या भिंतीच्या, स्वच्छ सारवलेल्या पडवीत निजविले. सारी वाडी मला पाहून गेली. 'कोंडूचा पोर आलाय' ही वार्ता माझ्या आधी पोहोचली होती. एक म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "वाटा मागू नको हां. बायको पन मिळनार नाय. नुसते मेलेले मिळतील."

निघताना लखमाने सांगितले, कोंडू हा भिमीचा बाप. ती एकुलती एक, वाडीतच दिलेली.

"मग तिनेच का पेटविली नाही इतकी वर्षे?"

"पोरीला नाय चालत, गुरुजी. लगीन झालं का ती सासरच्या चुलीची. आमचा बाप गेल्यापासून आय सासरची चूल पेटवते. बापाच्या चुलीम्होरं नुसती बसते घडीभर."

रूढी आहे. तीवर मत देणे हे परिचयकाराचे काम नव्हे. मात्र 'निर्जन' हा शब्द मी खोडला आहे. ज्या ठिकाणी प्रत्येक घराची जागा कोणती हे लहान मुलासही सांगता येते, त्यास निर्जन म्हणणे अचूक होणार नाही. 'विखुरलेले दगड' हेही चूक. ते विखुरलेले नाहीत, मांडलेले आहेत.

९ फेब्रुवारी, वाशिंद

माळाचा परिचय मंडळाकडे गेला आणि आठवड्यात भगीरथ दारात. या वेळी पेढे नव्हते.

"गुरुजी, झकास झालंय. तेवढा एक शब्द राहू द्या."

"कोणता?"

"निर्जन. तुमी म्हने आधी लिवला होता. माझा मानूस सांगत होता, तुमी वरून मोठ्यानं वाचून बघत होतात, सोंडेवर आयकू येत होतं."

मी विचारले, ग्रंथातल्या एका शब्दात त्याला इतके स्वारस्य का. मग हळूहळू सारे बाहेर आले. माळ कागदोपत्री मुरबाडच्या एका सावकारी घराण्याचा आहे. भगीरथ तो मुंबईच्या एका गृहस्थाला विकून देणार आहे. वर बंगले, पोहण्याचा तलाव, कुंपण. गृहस्थ सावध आहे. जागेवर कोणाची वहिवाट असेल तर त्याला ती नको. परिचयातला उतारा लेखकाच्या नावासह त्याला दाखवायचा आणि एप्रिलमध्ये त्याला वर न्यायचे, असा बेत.

"तुमचं नाव असलं का मानूस दुसरा कागद मागत नाय, गुरुजी."

"म्हणून मला काम दिलेस."

"म्हनून बी दिलं. नि तुमी चांगलं लिवता म्हनून बी."

"तेथे वाडीच्या चुली आहेत."

"धोंडे हायेत! धोंड्यांना वस्ती म्हंतात का कोन?"

"धोंड्यांना म्हणत नाहीत. चुलींना म्हणतात."

तो उठला. चपला घालता घालता सहज म्हणाल्यासारखे म्हणाला, "धनेशचं बरं चाललंय ना कारखान्यात? काँट्रॅक्ट आपलंच हाये. मुकादम इचारत होता."

मी त्याला दारापर्यंत पोहोचविले नाही. वर्गात तो मागच्या बाकावर बसत असे. मागच्या बाकावरून पुढच्याची पाटी दिसते.

१५ फेब्रुवारी

धनेश म्हणतो, "आबा, एका शब्दाने काय होणार? त्या लोकांनी आजवर कागद केला नाही ही त्यांची चूक."

कदाचित तो बरोबर असेल. मीही कागदाचाच माणूस आहे. चुली ही मालकी नव्हे. मी ग्रंथात काहीही लिहिले तरी सावकारी घराण्याचा सातबारा बदलणार नाही. आणि घर धनेशच्या पगारावर चालते, माझ्या निवृत्तिवेतनावर नव्हे. दिवसभर विचार करून सायंकाळी मी नवी शुद्ध प्रत काढली. तीत 'माळ आज निर्जन आहे' असे लिहिले. 'आज' हा शब्द मी विवेकाने घातला. प्रत मेजावर ठेवली.

जेवताना संजीवनीने ताट आदळले असे म्हणता येणार नाही, पण ठेवले असेही म्हणता येणार नाही. उन्हाळा यंदा लवकर लागला आहे. तिला तो बाधतो.

१६ फेब्रुवारी

प्रत फाडली.

कारण लिहून ठेवतो. मी अडतीस वर्षे मुलांना सांगत आलो की वर्णन म्हणजे जे आहे ते आहे म्हणणे. 'आज' या शब्दामागे मी लपलो होतो. भगीरथ निदान उघड्यावर उभा आहे.

मंडळाला कळविले: मजकूर पाठविला तोच अंतिम. धनेशला सांगितले. तो म्हणाला, "बरं." बऱ्याच वेळाने पुन्हा म्हणाला, "बरं."

८ मार्च, पेंढरवाडी

गृहस्थ १९ एप्रिलला येणार, हे मंडळाच्या लेखनिकाकडून कळले. वाडीला सांगणे माझे कर्तव्य होते. संजीवनी म्हणाली, मी येते. मी नको म्हटले. तिने डबा भरला, लुगड्याचा पदर खोचला आणि माझ्या आधी दारात जाऊन उभी राहिली.

वाडीत मी सारी हकीकत सांगितली. पुरुष बराच वेळ मोर्चा, तहसीलदार, वकील असे बोलत राहिले. कोणी म्हणाले, वर जाऊन आडवे पडू. कोणी म्हणाले, जीपच्या चाकातली हवा काढू. भिमी निवडत असलेल्या नाचणीतून मान वर न करता म्हणाली, "आडवं कशाला पडायचं? मेल्यासारखं? उभं राहून सैंपाक करू."

"आय, आखिती एकोणतीसला हाये," लखमा म्हणाला. "दहा दिवस आधी कसं?"

"मेलेल्यांकडं काय कालनिर्णय टांगलाय? भुकेला मानूस दहा दिस आधी वाढलं तर रागावतो का?"

मग अडचण निघाली ती वेगळीच. निम्म्या चुलींना घरचे कोणी उरलेले नाही. त्या थंड राहिल्या तर माळ अर्धा ओसाडच दिसणार. त्यांच्या लेकी आहेत, आसपासच्या वाड्यांत दिलेल्या. पण लेकीला चालत नाही. तेव्हा भिमीने सूप बाजूला ठेवले आणि माझ्याकडे बोट केले.

"ह्यो कोन? ना जातीचा ना गावचा. चुकून काडी वढली नि माझ्या बापाच्या घरचा झाला. त्याला चाललं, आन मी त्याच्या पोटची, मला नाय चालत? कोनी केली रे ही रीत? त्याला बोलाव म्होरं."

पुढे कोणी आले नाही. "मंग ठरलं," ती म्हणाली. "लेकी बोलवा."

परतीच्या वाटेवर संजीवनी व भिमी माझ्या मागून चालत होत्या. संजीवनी सांगत होती, धरण भरण्याआधी घर सोडले तेव्हा ती लहान होती. एका कडक उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले, तेव्हा तिची आई होडीतून जाऊन आली. घर नव्हते, पण चूल गाळात जशीच्या तशी होती. आईने तिच्यावर हात फिरवला आणि परत आली. नंतर पाणी कधी तेवढे उतरले नाही.

"मंग तू ये," भिमी म्हणाली. "वर एक चूल हाये, हिरी म्हातारीची. तिची लेक पन गेली. कोनीच नाय."

गाळातल्या चुलीची ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. संजीवनी आमच्या घरी आली त्याला चौदा वर्षे झाली.

१९ एप्रिल, पेंढरवाडी

आम्ही उजाडता वर पोहोचलो. लेकी आदल्या सायंकाळपासून येत होत्या. कोणी टोकावड्याच्या बाजूने, कोणी उंबरमाळीहून, कडेवर मुले, डोक्यावर तांदूळ. काही पन्नाशीच्या, काही पुरत्या म्हाताऱ्या. आपापली चूल शोधताना कोणाला विचारावे लागले नाही. एकीने गवत बाजूला केले, दगडावरची माती पदराने पुसली आणि तशीच बसून राहिली. दुसरी तिला म्हणाली, "अगो, रडून इस्तव पेटत नाय. फुंकर घाल."

भिमीने कोंडूच्या चुलीशी मला हाक मारली. "ये, भाऊ. लाकूड तू घाल, काडी मी वढते." मी लाकडे घातली. पहिली काडी विझली. दुसरी लागली.

संजीवनी थोड्या अंतरावर हिरीच्या चुलीवर भात लावीत होती. धुरामुळे तिचे डोळे लाल झाले होते.

मग एकेक करून सारा माळ पेटला. वारा नव्हता. धूर सरळ वर जात होता आणि कड्याच्या निम्म्यावर जाऊन पसरत होता. मी आयुष्यभर नकाशे शिकविले. गाव नकाशावर टिंबाने दाखवितात. आज मी टिंबे पाहिली.

भात शिजल्यावर पाने मांडली. भिमीने कोंडूच्या पानावर भात, उडदाचे वरण आणि भाकरीचा तुकडा वाढला. मग मला म्हणाली, "तुझं कोन गेलंय का रे? नाव घे. येकाच पानावर जेवतील. आमच्या बापाला सोबत आवडायची."

मी सांगितले, मी येथे नोंदीसाठी आलो आहे. ती म्हणाली, "बरं, मंग नोंदीसाठी घे."

मी नाव घेतले.

जीप दहाच्या सुमारास सोंडेखाली येऊन थांबली. भगीरथ पुढे, मागे मुंबईचे गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी, डोळ्यांवर काळे चष्मे. माळावर येताच ते थांबले. इतका धूर आणि इतकी माणसे त्यांनी अपेक्षिली नव्हती.

"भगीरथजी, आप तो बोले थे, इधर कोई रहता नहीं."

"पिकनिकला आलेत, साहेब. रविवार हाये ना."

"तुझ्या बापाची पिकनिक!" भिमी उलथने घेऊन उभी राहिली. "भगीरथा, तुझ्या आज्याची चूल कुठं हाये रे? ठावं हाये का? आमची ही इथं हाये. सांग तुझ्या सायेबाला."

मुले हसली. भगीरथाचे कान लाल झाले. शाळेतही तसेच होत असत. त्याने मला पाहिले आणि आवाज खाली आणला. "गुरुजी, तुमी तरी. शिकलेला मानूस ह्या लोकांत बसून..."

तेवढ्यात गृहस्थ माझ्यापाशी आले. माझे धोतर आणि चष्मा पाहून त्यांना मी त्यातल्या त्यात विश्वासार्ह वाटलो असेन. "बाबा, आप यहाँ रहते हैं?"

मी म्हणालो, "जी हाँ. यह मेरे पिता का चूल्हा है. और ये मेरी बहन है."

वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. ते सत्यही होते, हे मला उच्चारल्यावर कळले.

गृहस्थांनी एकेक धुराकडे पाहिले. त्यांच्या पत्नीला एका लेकीने द्रोणात भात दिला. त्यांनी तो घेतला, पण कोठे बसावे हे न समजल्याने उभ्यानेच धरून ठेवला. 'बाद में देखेंगे,' असे म्हणून मंडळी उतरली. भगीरथ सर्वांत शेवटी गेला. जाताना वळून म्हणाला, "चुली इझतात, गुरुजी. कागद इझत नाय."

माझ्या हातात भाताची पळी होती.

२७ एप्रिल, वाशिंद

मंडळाचे पत्र आले. दोन्ही परिचय 'जागेअभावी' वगळण्यात आले आहेत. या खेपेस पत्रात शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत. दुरुस्त करून परत पाठविले.

धनेशला मुकादमाने सांगितले, एक तारखेपासून येऊ नको. तो आसनगावला एका गोदामात विचारून आला आहे. सायंकाळी माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. मी बोलणी ऐकण्याची तयारी ठेवली होती. तो म्हणाला, "आबा, पुढच्या वेळी असं काही असलं तर मलाही घेऊन चला."

"तू आला असतास?"

"नसतो आलो," तो म्हणाला. "पण विचारायचं तरी."

२९ एप्रिल

आखिती. गुडघे सुजल्याने वर जाता आले नाही. लखमाला निरोप पाठविला होता. कोंडूच्या पानाचे भिमी पाहील.

दुपारी स्वयंपाकघरातून रॉकेलचा वास आला. संजीवनीने माळ्यावरचा स्टोव्ह खाली काढला, राखेने घासला, वाती नव्या घातल्या आणि ओट्याच्या कोपऱ्यात त्यावर भात ठेवला. शेजारी दोन पाने मांडली होती. एक कोणाचे ते मला कळले. दुसऱ्याबद्दल मी विचारले.

"आईचं," ती म्हणाली. "तिथं पानी उतरत नाय ना."

गॅस असताना स्टोव्ह कशाला, असे मी म्हटले नाही. वाशिंदचा परिचय काढून पुन्हा लिहावयास घेतला आहे. 'लोकसंख्येचा मोठा भाग बाहेरून आलेला आहे' हे वाक्य काढले. त्या जागी माणसे कोठून आली, तेथे मागे काय सोडून आली, हे घरोघर विचारून लिहावे लागेल. काम वर्षभराचे आहे. ग्रंथ नसला तरी चालेल.

२४ मे, पेंढरवाडी

भगीरथाने माळाला काटेरी तार घातली. गृहस्थाने पैसे दिलेले नाहीत, असे लखमा सांगतो. तरी ताबा दिसावा म्हणून खांब रोवले आणि 'खाजगी मालमत्ता' अशी पाटी लावली. 'खाजगी' हा शब्द निदान बरोबर लिहिला आहे.

आज पाहण्यासाठी आलो. तारेखालून सरपटावे लागले. संजीवनीने तार वर धरली, तरी सदरा फाटला. भिमी आतच होती. तिने केवळ हाताने दाखविले. मी पाहिले आणि तिथेच, कोंडूच्या चुलीशेजारी बसून, माळाच्या परिचयातील सीमांचे कलम दुरुस्त केले. अंतिम पाठ येणेप्रमाणे:

'सीमा: पूर्वेस सह्याद्रीचा कडा; उत्तरेस ओढा; दक्षिणेस घाटावर जाणारी जुनी बैलवाट; पश्चिमेस काटेरी तार, जिच्यावर येथील रहिवासी लुगडी वाळत घालतात.'